पिंपाची चव

पिंप हा शब्द मराठी घरात इतका मुरला आहे, की तो बाहेरून आला असेल अशी शंकाही कुणाला येत नाही. नळाला पाणी आलं की पिंप भरायचं, उन्हाळ्यात टँकर आला की पिंप रांगेत लावायचं, लग्नघरी मांडवामागं पिंप ठेवायचं. आता ते प्लॅस्टिकचं असतं, त्याआधी पत्र्याचं होतं. पण हा शब्द आपल्याकडं आला तेव्हा पिंप लाकडाचं होतं आणि त्यात पाणी नव्हतं. पोर्तुगीज भाषेत वाइनच्या मोठ्या लाकडी पिंपाला ‘पीपा’ म्हणतात. हिंदीनं तो शब्द जसाच्या तसा घेतला; मराठीनं त्याला एक अनुस्वार देऊन आपलंसं केलं.

असेच आणखी दोन शब्द आहेत. उसाचं गाळप आपण टनांत मोजतो. हा ‘टन’ मुळात वजनाचा नव्हता, पिंपाचा होता. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये २५२ गॅलनच्या मोठ्या पिंपाला ‘टन’ म्हणत आणि अशी किती पिंपं पोटात मावतात यावरून जहाजाचा आकार सांगत. भरलेल्या टनाचं वजन हजार किलोंच्या आसपास जाई. पुढं तेच वजनाचं माप होऊन बसलं. तिसरा शब्द ‘बॅरल’. कच्चं तेल बॅरलमागं किती डॉलरनं वाढलं, हे आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पेट्रोलच्या काळजीत पडतो. हा बॅरल ४२ अमेरिकन गॅलनचा, म्हणजे सुमारे १५९ लिटरचा. १८६६ च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातल्या तेलवाल्यांनी हे माप ठरवलं, कारण तेव्हा तेल लाकडी पिंपांतूनच विकलं जाई. आज ते नळांतून आणि जहाजांच्या टाक्यांतून जातं. बॅरल उरला तो फक्त आकड्यात.

खारे मासे, लोणी, मीठ, खिळे, बंदुकीची दारू असा युरोपातला नाना प्रकारचा माल शतकानुशतकं लाकडी पिंपांतून फिरला. ती पिंपं गेली. वाइन आणि तिच्या भाऊबंदांच्या धंद्यात तेवढं लाकूड टिकलं. आणि गंमत अशी, की तिथंही ते माल वाहण्यासाठी टिकलेलं नाही. ते टिकलं आहे चवीसाठी. ज्या भांड्याचं काम केवळ वाहून नेण्याचं होतं, ते चव देणारं भांडं कसं झालं, ही गोष्ट मला सांगायची आहे.

मी स्वतः वाइन घेत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मग या माणसाला या विषयाशी काय करायचं आहे, असं तुम्ही विचाराल. तर मी गझला लिहितो, मराठीत लिहितो, आणि ज्या परंपरेतून गझल आली तिच्यात पिण्याची भांडी जागोजागी मांडून ठेवलेली आहेत. खुम म्हणजे रांजण, मग सुराही, मीना, सागर, पैमाना, जाम. तरुणपणी या शब्दांची यादी करताना माझ्या लक्षात आलं, की यातलं एकही भांडं लाकडाचं नाही. माती आहे, काच आहे, धातू आहे. उमर खय्यामच्या रुबाया माधव जूलियन यांनी मराठीत आणल्या. त्यातही कुंभार आणि त्याची माती येते, सुतार येत नाही.

याला कारण आहे. इराणात झाग्रोस पर्वताच्या कुशीत हाजी फिरोज तेपे नावाचं एक प्राचीन वस्तीचं ठिकाण आहे. तिथं एका घराच्या स्वयंपाकघरात जमिनीत बसवलेले मातीचे सहा रांजण सापडले. ते इसवी सनापूर्वी ५४०० ते ५००० या काळातले आहेत आणि त्यांच्या तळाशी वाळलेल्या थरात द्राक्षाच्या वाइनचे अंश होते, असं १९९६ मध्ये जाहीर झालं. जॉर्जियात तर याहून जुनी, इसवी सनापूर्वी सुमारे ६००० वर्षांची भांडी मिळाली आहेत, तीही मातीची. इजिप्त, ग्रीस, रोम, सगळीकडं मातीच. ग्रीक आणि रोमन व्यापाऱ्यांचा दोन कानांचा, खाली निमुळता होत गेलेला उंच रांजण तुम्ही चित्रांत पाहिला असेल. त्याला अँफोरा म्हणतात. वाइनचं पहिलं घर मातीचं होतं, आणि आमच्या कवितेनं तेच घर धरून ठेवलं.

लाकूड आलं उत्तरेकडून, जंगलातून. आजचा फ्रान्स आणि आल्प्सचा परिसर इथं गॉल लोक राहत. त्यांच्याकडं झाडं मुबलक होती, लोखंडाचं काम त्यांना उत्तम येत होतं, आणि फळ्या वाकवून त्यांना कडी घालून बंद पिंप करायची विद्या त्यांनी साधली होती. रोमन लेखक प्लिनी पहिल्या शतकात नोंद करतो, की आल्प्सच्या आसपासचे लोक वाइन लाकडी भांड्यांत ठेवतात आणि ती कड्यांनी आवळतात. भूगोलकार स्ट्राबो तर सांगतो, की उत्तर इटलीतली लाकडी भांडी घरांपेक्षा मोठी असतात. यात थोडी अतिशयोक्ती असेल. पण इटलीतल्या शेतकऱ्याला तेव्हा हे नवल वाटत होतं, एवढं नक्की. रोमन सैन्याला पिंपाची ओळख याआधीच, आणि जरा वेगळ्या रीतीनं झाली होती. इसवी सनापूर्वी ५१ मध्ये उक्सेलोडुनम नावाच्या डोंगरी गावाला सीझरच्या फौजेनं वेढा दिला. वरच्या गॉल लोकांनी पिंपांत चरबी, डांबर आणि लाकडाचे तुकडे भरले, ती पेटवली आणि उतारावरून रोमनांच्या अंगावर सोडून दिली.

पिंप गडगडतं, यातच त्याचं यश आहे. अँफोरात साधारण २५ लिटर वाइन मावे आणि रिकाम्या अँफोराचंच वजन जवळजवळ तेवढंच किलो असे. म्हणजे निम्मी मजुरी माती वाहण्यात जायची. शिवाय ती फुटे. याउलट मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळतं पिंप आडवं केलं की जमिनीला थोड्याच जागी टेकतं. दोन-अडीचशे किलोंचं ओझं एक माणूस ढकलत नेतो, हातानं वळवतो, हिसका देऊन उभंही करतो. कमानीत दगड जसा दगडाला धरतो तशी फळी फळीला धरते. आत खिळा नाही, डिंक नाही. इसवी सन ११३ मध्ये रोममध्ये ट्रेजन बादशहाचा विजयस्तंभ उभा राहिला, त्यावर डॅन्यूब नदीतल्या नावेत पिंपं कोरलेली आहेत. जर्मनीत मोझेल नदीकाठी नॉयमागन इथं तिसऱ्या शतकातलं एक दगडी जहाज सापडलं. वल्हेकऱ्यांच्या मधोमध पिंपं रचलेली आहेत.

अँफोरा फुटला तरी खापर राहतं, म्हणून रोममध्ये तेलाच्या फुटक्या अँफोरांची आख्खी टेकडी आजही उभी आहे. लाकूड कुजून जातं. मग प्राचीन पिंपं आपल्याला मिळाली कशी? तर रिकाम्या पिंपाची दोन्ही टोकं काढून लोक ते विहिरीत अस्तरासारखं बसवत. ओल्या चिखलात ती टिकली. ब्रिटनमध्ये, ऱ्हाइन नदीकाठी अशा विहिरी उकरल्या गेल्या आणि लाकूड तपासलं, तर ते बहुतेक वेळा ओक निघालंच नाही. ते होतं आल्प्सच्या बाजूचं फर. हलकं, सरळ वाढणारं, चिरायला सोपं. म्हणजे वाइन आणि ओक यांचं नातं जन्मजात आहे, ही समजूत विहिरींनीच खोडून काढली.

आता या गोष्टीतला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग येतो. पिंप म्हटलं की आज जुनी, मुरलेली वाइन डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात पिंप आलं आणि जुनी वाइन गेली! रोमनांना जुनी वाइन प्रिय होती. फालेर्नियन नावाची त्यांची नामांकित वाइन दहा-वीस वर्षं ठेवून पीत. ओपिमियस कॉन्सल असताना, इसवी सनापूर्वी १२१ मध्ये, द्राक्षांचं साल असं काही साधलं, की त्या सालची वाइन श्रीमंतांनी पिढ्यान् पिढ्या जपली. जवळजवळ दोनशे वर्षांनी प्लिनी लिहितो, की ती आता मधासारखी घट्ट आणि कडू झाली आहे. पिण्यासारखी नव्हती, पण होती. हे शक्य झालं कारण आतून डांबर लावलेला आणि तोंड घट्ट बंद केलेला मातीचा रांजण हवा आत येऊ देत नसे. लाकूड येऊ देतं. पिंपातली वाइन उडत राहते, पातळी खाली जाते, वर मोकळी जागा होते, आणि त्या जागेत आलेली हवा वाइनचा सिरका करून टाकते. अँफोरा मागं पडला तसा युरोप जुन्या वाइनची चव हजार-बाराशे वर्षं जवळपास विसरून गेला.

मध्ययुगात नवी वाइन महाग आणि जुनी स्वस्त, असा उलटा बाजार होता. फ्रान्समधलं बोर्दो ११५२ च्या एका राजघराण्यातल्या लग्नामुळं इंग्लंडच्या राजाच्या छत्राखाली गेलं, आणि दर शरद ऋतूत तिथून जहाजांचे तांडे इंग्लंडकडं निघू लागले. १३०८-०९ या एका वर्षात तिथून लाखाहून अधिक ‘तोनो’ वाइन बाहेर गेली. एक तोनो म्हणजे चार पिंपं, सुमारे ९०० लिटर. ही सगळी घाई नवी वाइन नवी असतानाच पोचवण्याची होती. पुढच्या वर्षीचं जहाज बंदरात लागलं, की उरल्यासुरल्या जुन्या मालाला गिऱ्हाईक नसे. लाकडात मुरवणं वगैरे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. पिंपाकडून अपेक्षा एवढीच, की त्यानं गळू नये आणि मालाला आपला वास लावू नये.

ही अपेक्षा मला चांगली समजते. माझे नाना कल्हईवाले होते. भाता, कथील, नवसागर आणि कापसाचा बोळा घेऊन ते आठवडी बाजाराच्या गावांना जात. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली की त्यातलं ताक कळकतं, आमटी कळकते. म्हणून भांड्याच्या आणि अन्नाच्या मध्ये कथलाचा पातळ पडदा हवा. आपल्या भाषेत यासाठी ‘कळकणं’ असं स्वतंत्र क्रियापद आहे, यावरून हा दोष किती घरांनी सोसला असेल ते कळतं. नानांचा सगळा धंदा या एका तत्त्वावर उभा होता, की भांड्यानं आतल्या पदार्थाला काही देता कामा नये. आणि दुसरीकडं लोणचं, मुरांबा यांच्यासाठी आपला शब्द आहे ‘मुरणं’. तेही चिनी मातीच्या बरणीत. बरणी काही देत नाही, कैरीच आपल्या मिठात आणि तेलात मुरते. आपल्या स्वयंपाकघरात कळकणं आणि मुरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओकच्या पिंपात त्या एक झाल्या. वाइन लाकडानं कळकली आणि लोकांनी तिला मुरलेली म्हटलं, असं कुणी चेष्टेनं म्हणेल. पण त्यातला फरक फार बारीक आहे आणि तो समजायला युरोपालाही बराच काळ लागला.

ओकच का, हे इथं सांगायला हवं. आपल्याकडं ओक हे आडनाव आहे; झाड म्हणून सह्याद्रीत ते नाही, हिमालयात त्याचे भाऊबंद आहेत, बांज वगैरे. युरोपात मात्र ओक सर्वत्र होता. तो मजबूत, तरी तापवला तर वाकणारा. त्याच्या खोडात गाभ्याकडून सालीकडं जाणारे घट्ट पडदे असतात. फळी त्या पडद्यांच्या दिशेनं निघाली तर द्रव आरपार झिरपत नाही. म्हणून युरोपातला ओक करवतीनं कापत नाहीत, पाचर मारून रेषेरेषेनं फोडतात. अमेरिकेतल्या पांढऱ्या ओकच्या नळ्या निसर्गतःच बुजलेल्या असतात, तो करवतीखाली घातला तरी गळत नाही. चेस्टनट, अकेशिया, चेरी यांचीही पिंपं झाली. पण टिकाऊपणात ओकनं सर्वांना मागं टाकलं. त्याची निवड झाली ती बळकटीसाठी. चवीची गोष्ट पुढं आली.

ती पुढं यायला एक कारण झाला समुद्र, आणि यात आपल्या किनाऱ्याचाही वाटा आहे. पोर्तुगीजांचं माडेरा बेट अटलांटिक महासागरात, हिंदुस्थानकडं येणाऱ्या जहाजांच्या वाटेवर. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं तिथं थांबत आणि वाइनची पिंपं भरून घेत. तिथलं ‘पीपा’ चारशे लिटरांहून मोठं. वाइन प्रवासात नासू नये म्हणून अठराव्या शतकात तिच्यात ब्रँडी घालू लागले. जहाज विषुववृत्त दोनदा ओलांडी, महिनोन् महिने पिंपं पोटात उकडत आणि हेलकावत राहत. अशा हालांत माल बिघडायला हवा. पण मुंबई, मद्रास, कलकत्त्याला उतरलेली माडेरा बेटावरच्या माडेरापेक्षा चांगली लागते, असं गोऱ्या साहेबांच्या लक्षात आलं. हिंदुस्थानची फेरी करून परत गेलेल्या पिंपांना तर लंडनमध्ये जास्त किंमत येई. पोर्तुगीजांनी तिला नाव दिलं ‘व्हिन्यो दा रोदा’, फेरीची वाइन. काही पिंपं म्हणे फक्त प्रवास घडावा म्हणून जहाजात चढवली जात. माल पोचवायचा नव्हता, फिरवून आणायचा होता. पुढं व्यापाऱ्यांनी हिशेब केला, की उष्णताच हवी तर जहाजाचं भाडं कशाला. आणि बेटावरच तापवलेल्या खोल्या बांधल्या. उत्तम माडेरा आजही उबदार माळ्यावर, कौलांच्या खाली, लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं ठेवतात. आपल्या ‘पिंप’ शब्दामागं या जहाजांची उकड आहे, हे मला पाणी भरताना हमखास आठवतं.

दुसरं कारण काच. १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजानं काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी केली. हेतू असा, की झाडं आरमाराच्या जहाजांसाठी राखावीत. काचवाले कोळशाकडं वळले. कोळशाची आच जास्त. तिच्यातून जाड, काळसर, दणकट बाटली निघू लागली. तिला बुचाच्या झाडाच्या सालीचं बूच मिळालं, आणि रोमनांनंतर पहिल्यांदाच वाइनला हवाबंद भांडं मिळालं. गंमत पाहा, ओक वाचवण्यासाठी काढलेल्या हुकमातून ओकच्या पिंपाचा प्रतिस्पर्धी जन्मला. पण त्यामुळंच पिंपाची सुटका झाली. साठवण बाटलीकडं गेल्यावर पिंपाकडं मधला टप्पा उरला. द्राक्षं आंबल्यापासून बाटलीत जाईपर्यंतचे दीड-दोन वर्षांचे महिने. या मधल्या काळात नेमकं काय करायचं, यातून पुढची सगळी कला तयार झाली.

बोर्दोजवळच्या ओ-ब्रियाँचे मालक पोंताक यांनी सतराव्या शतकात ती बरीच पुढं नेली. पिंपातली पातळी खाली गेली की दर काही दिवसांनी पुन्हा भरायची, म्हणजे हवेला जागा नाही. गाळ खाली बसला की वरची स्वच्छ वाइन दुसऱ्या पिंपात काढायची. डच व्यापाऱ्यांनी रिकाम्या पिंपात गंधकाची वात जाळून ते शुद्ध करण्याची रीत रूढ केली. १० एप्रिल १६६३ रोजी लंडनच्या सॅम्युअल पीप्सनं रोजनिशीत लिहून ठेवलं, की आज एका नव्या फ्रेंच वाइनची अशी काही खास चव लागली, जी पूर्वी कधी चाखली नव्हती. नाव त्यानं कानाला आलं तसं लिहिलं आहे, पण ती ओ-ब्रियाँच. ज्या खानावळीत हे घडलं तिचं नाव होतं ‘रॉयल ओक’. हा निव्वळ योगायोग. पण कवीला असे योगायोग सोडवत नाहीत.

शास्त्र मागाहून आलं. लुई पाश्चरनं १८६६ मध्ये वाइनवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि काचेच्या नळ्यांतल्या प्रयोगांनी दाखवून दिलं, की भरपूर हवा वाइनला मारते, पण किंचित हवा तिला वयात आणते. पिंप नेमकं हेच करतं. फळीतून, सांध्यांतून हवेचा कणकण आत जातो; त्यानं लाल वाइनमधला तुरटपणा मवाळ होतो आणि रंग पक्का बसतो. त्याच वर्षी फ्रान्समध्ये कायद्यानं बोर्दोच्या पिंपाचं माप २२५ लिटर ठरलं. बाहेर जी वाफ उडून जाते तिला फ्रेंच लोक फरिश्त्यांचा वाटा म्हणतात. आमच्या धर्मशास्त्राप्रमाणं फरिश्ते काही खातपीत नाहीत. तेव्हा हा वाटा नेमका कुठं जातो, हे फ्रेंचांनाच विचारायला हवं.

पिंप कसं बांधतात ते एकदा ऐकण्यासारखं आहे. दीडशे-दोनशे वर्षांचा ओक पाडायचा. त्याच्या फोडलेल्या फळ्या उघड्या आवारात रचून दोन-तीन वर्षं ऊनपावसात सोडून द्यायच्या. पावसानं त्यांच्यातला कडवटपणा धुऊन निघतो, काळी बुरशी धरते, लाकूड करडं पडतं. मग कारागीर, ज्याला इंग्रजीत कूपर म्हणतात आणि हेही आडनाव मुंबईला चांगलं परिचयाचं आहे, तो तीसेक फळ्या एका कड्यात उभ्या करतो. खालून फुललेला आणि वरून बंद असा त्यांचा घागरा दिसतो. मधोमध ओकच्याच ढलप्यांची आग पेटवतात. बाहेरून पाणी मारत, आतून तापवत, खालची तोंडं हळूहळू आवळून जवळ आणतात. लाकूड वाकतं. आणि त्याच वेळी आतून भाजतं.

हे भाजणं सुरुवातीला केवळ वाकवण्यासाठी होतं. पण भाजलेल्या ओकमध्ये काय काय जागं होतं ते पाहा. व्हॅनिलिन, म्हणजे आइस्क्रीममधला व्हॅनिलाचा वास. एक द्रव्य नारळासारखं, जे अमेरिकन ओकमध्ये जास्त असतं. स्पेनमधल्या रिओहा प्रांतानं तोच ओक वापरला, म्हणून तिथल्या जुन्या वाइनना ती छटा येते. युजेनॉल, म्हणजे साक्षात लवंगेचं तेल. शिवाय धुराचा, भाजक्या बदामाचा, जळत्या साखरेचा वास. आपल्या गृहिणीला यात नवल वाटणार नाही. रवा कच्चा, गुलाबी आणि खमंग भाजण्यात काय फरक आहे हे तिला पक्कं ठाऊक असतं. पिंपवालेही हलकं, मध्यम, कडक असे भाजण्याचे प्रकार करतात आणि वाइनवाला त्याप्रमाणं मागणी नोंदवतो. पिंपाचं हे दान तीन-चार हंगामांत संपतं. त्यानंतर ते नुसतं भांडं राहतं.

फ्रान्सच्या मध्यभागी त्रोंसे नावाचं ओकचं जंगल आहे, दहा हजार हेक्टरांहून मोठं. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याच्या हाती आरमाराचं खातं होतं. पुढच्या शतकांतल्या युद्धनौकांना लाकूड कमी पडू नये म्हणून त्यानं १६६९ मध्ये जंगलांचा कडक कायदा केला आणि त्रोंसेसारखी जंगलं शिस्तीनं वाढवायला लावली. झाडं दाट ठेवायची, म्हणजे ती उजेडाकडं सरळ उंच जातात, फांद्या कमी फुटतात, रेषा बारीक पडते. डोलकाठ्या आणि फळ्यांसाठी हीच रीत हवी होती. एका पिढीनं लावलं, पुढच्या चार पिढ्यांनी राखलं. आणि झाडं तयार होईतो, १८६० नंतर, युद्धनौका लोखंडाच्या होऊ लागल्या. ज्यासाठी एवढं राखलं ते कामच उरलं नाही. बोर्दोचे धनी तर तेव्हा बाल्टिक समुद्राकडून येणाऱ्या ओकवर खूश होते. घरच्या जंगलाची कदर त्यांना विसाव्या शतकातच झाली. आज त्रोंसेचं लाकूड पिंपांसाठी जगात पहिल्या पंक्तीत धरलं जातं, ते त्या बारीक रेषेमुळं. कोल्बेरनं तोफा डोळ्यांसमोर ठेवल्या होत्या, लवंगेचा वास नव्हे.

विसाव्या शतकाच्या मध्याला पिंपही जहाजांच्या वाटेनं जाणार असं वाटत होतं. सिमेंटच्या टाक्या आल्या, मग पोलादी आल्या. ओ-ब्रियाँनंच १९६१ मध्ये पोलादी टाक्या बसवल्या. त्या धुवायला सोप्या, गळत नाहीत, चव लावत नाहीत. माझे नाना असते तर त्यांनी पोलादाच्या बाजूनंच कौल दिला असता. मग चक्र उलटं फिरलं ते अमेरिकेतून. झेलरबाख नावाच्या धनिकाला बर्गंडीच्या वाइनचं वेड होतं. त्यानं कॅलिफोर्नियात हॅन्झेल इथं फ्रान्सची ओक पिंपं आणवली आणि १९५७ मध्ये पहिलं पीक त्यांत मुरवलं. चव अगदी बर्गंडीची वाटली. शेजारी जागे झाले. पुढच्या तीस वर्षांत नवं ओक पिंप ही साऱ्या जगात प्रतिष्ठेची खूण झाली, आणि मग, जे नेहमी होतं तेच झालं. अति झालं. कोणत्याही देशाची, कोणत्याही द्राक्षाची वाइन घ्या, वास व्हॅनिला आणि धुराचा. मला विचाराल तर हे गझलेतल्या रदीफसारखं आहे. शेर हलका असला की सगळा भार शेवटच्या शब्दावर टाकायचा आणि दाद घ्यायची.

त्यात पैशाचं गणित आहेच. नवं फ्रेंच पिंप आज हजार युरोंच्या आसपास पडतं आणि त्यातून तीनशे बाटल्या भरतात. म्हणजे बाटलीमागं तीन युरोंहून जास्त नुसतं लाकूड. हे परवडेना, म्हणून पोलादी टाकीत ओकच्या भाजलेल्या ढलप्या पिशवीत बांधून सोडण्याची युक्ती निघाली. युरोपीय संघानं तिला २००६ मध्ये परवानगी दिली. चव उतरते, काही आठवड्यांत उतरते. पण फळीतून कणाकणानं येणारी हवा आणि महिन्यांचा अवधी ढलपीत नसतो. ही कल्हई वरची झाली.

महाराष्ट्रात नारायणगावच्या कारखान्यानं १९८० च्या दशकात फेसाळ वाइन काढली आणि परदेशात ती ‘उमर खय्याम’ या नावानं विकली. नाशिकची मोठी वाटचाल १९९९ नंतरची. दिंडोरीच्या शिराझ द्राक्षाची वाइन तिथं आयात केलेल्या ओक पिंपांत सुमारे वर्षभर मुरवतात. शिराझ म्हटलं की हाफिजचं गाव आठवून माझं मन हुरळतं. पण त्या द्राक्षाचा शिराझशी संबंध नाही. १९९८ च्या सुमारास झालेल्या जनुकीय तपासणीत ते अस्सल दक्षिण फ्रान्सचं निघालं. नाव इराणी, वेल फ्रेंच, माती दिंडोरीची आणि लाकूड पुन्हा परदेशी. आपल्याकडं वाइनचा वाद बहुतेक वेळा ती विकावी की नाही यावर होतो. ती कशात मुरते याकडं कुणाचं लक्ष नसतं.

इकडं युरोपात काहीजण मातीकडं परत निघाले आहेत. जॉर्जियात जमिनीत पुरलेल्या मोठ्या रांजणांत, त्यांना तिथं क्वेव्हरी म्हणतात, वाइन करण्याची रीत कधी तुटलीच नव्हती. २०१३ मध्ये युनेस्कोनं तिला मानवजातीच्या वारशात नोंदवलं. इटलीच्या ईशान्य टोकाला, स्लोव्हेनियाच्या सीमेवर, योश्को ग्राव्हनर नावाचा द्राक्षवाला आहे. त्यानं आधी पोलाद वापरलं, मग नव्या फ्रेंच ओकची छोटी पिंपं घेतली, नाव कमावलं, आणि ते सगळं बाजूला सारून जॉर्जियातून रांजण आणवले. २००१ पासून त्याची द्राक्षं मातीच्या पोटात आंबतात. महिन्यांनी वाइन बाहेर काढली की तो ती काही वर्षं लाकडातच ठेवतो. मात्र ती पिंपं मोठी असतात, जुनी असतात, आणि त्यांची चव केव्हाच देऊन झालेली असते.